कॅमेऱ्याच्या बुडाची पट्टी आणायला नागपूरला

नागपूरला जायचे ठरले ते हेडमास्तरांच्या एका वाक्यामुळे. उमरेडला माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे आणि शाळेचा स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो दर साल मीच काढतो. यंदा शाळेला पंचवीस वर्षे झाली. हेडमास्तर स्टुडिओत येऊन म्हणाले, "भाऊ, यंदा रविवारी मोठे साहेब येऊन राहिले. मागच्या वर्षी तुम्ही कॅमेऱ्याच्या स्टँडखाली स्क्रू पिळत बसले अन् ऊन कौलावर गेलं. यंदा तुमच्या साडूभाऊंले बोलावू का नागपूरहून? तुम्हाले राग तर नाही न येणार?"

राग नाही आला. जे आले ते रागापेक्षा वाईट होते.

साडू म्हणजे मनोहर, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रामदासपेठेत त्याचा स्टुडिओ आहे. या धंद्यात तो माझ्या कितीतरी नंतर आला. पण मागच्या वैशाखात सासरच्या लग्नात आम्ही दोघांनी आपापले मोठे लाकडी कॅमेरे मांडले, तेव्हा त्याने कॅमेरा स्टँडवर ठेवला, खट् आवाज झाला आणि तो पडद्यात डोके घालून मोकळा. मी खाली वाकून, जड कॅमेरा एका हाताने पेलत, स्क्रूचे भोक चाचपत होतो. सासऱ्यांच्या बैठकीत आज जो फोटो टांगला आहे, तो त्याचा आहे. मी जातो तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

तो खट् आवाज एका पट्टीचा होता. ही धातूची पट्टी कॅमेऱ्याच्या बुडाला कायम बसवायची. स्टँडच्या डोक्यावर तिच्या मापाची खाच असते. पट्टी खाचेत सरकवली, खिटी ओढली, की कॅमेरा पक्का. सोडवायलाही तसाच. हेडमास्तरांना म्हणालो, "रविवारी मीच येतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरली.

कोणाला हा प्रवास करायचा असेल तर मागच्या बाकावर बसू नये, विशेषतः मांडीवर कॅमेऱ्याची पेटी असताना. खाणीजवळून कोळशाचे ट्रक जातात, तिथे खिडकी लावून घ्यावी. माणसाचे तिकीट फार नाही, पण पेटी आणि टपावर चढवलेला कॅमेऱ्याचा स्टँड, अशा सामानाचे वेगळे पडते आणि त्यावरून हुज्जतही होते.

"पेटीत काय हाय गा?" कंडक्टरने विचारले.

"कॅमेरा."

"एवढा मोठा? आतमंदी फोटोग्राफर बसते का काय?"

सारी गाडी हसली. पुढे धुके होते, शेतांत तूर उभी होती, आणि एरवी अशा सकाळी मनात देवाचे नाम सुरू असते. त्या दिवशी नामाच्या मधे मधे मनोहर येत होता.

नागपूरच्या स्टँडवर उतरून तर्रीपोहे खाल्ले. तर्री जरा कमीच मागावी, नवख्याला झेपत नाही. मग रिक्षाने आधी टेकडीच्या गणपतीला. गर्दी नव्हती. हात जोडले आणि मागितले, "चांगली पट्टी हाती लागू दे." पायऱ्या उतरताना लक्षात आले की मनाने वर दोन शब्द जोडले होते : त्याच्यापेक्षा चांगली. देवाने ते ऐकले असणारच. मागे फिरून शब्द परत घेता आले असते. घेतले नाहीत.

सीताबर्डीतल्या दुकानाचा मालक बोलका होता. त्याने काउंटरवर दोन पट्ट्या ठेवल्या. एक रुंद, काळी, ओबडधोबड. तिच्या मागच्या कडेला बोटाच्या पेराएवढा काठ वर आलेला. दुसरी लहान, गोल, आरशासारखी चकचकीत. कॅमेऱ्याला टेकणाऱ्या अंगाला बुचाचा पातळ थर लावलेला.

"भारी कॅमेऱ्यासाठी ही काळी घ्या भाऊ," तो म्हणाला. "हा काठ कॅमेऱ्याच्या बुडाच्या कडेला टेकते. तुमचे रामदासपेठवाले मनोहरजी हेच घेऊन गेले."

ते नाव ऐकले आणि माझा हात काळ्या पट्टीवरून आपोआप उचलला गेला.

"अन् हे गोल?"

"ते नवीन माल आहे. दिसाले मस्त आहे. पण हलक्या कॅमेऱ्यासाठी..."

"वजन पेलते न?"

"वजन तर पेलते."

मी पेटीतून कॅमेरा काढला, गोल पट्टी बसवली आणि दुकानातल्या स्टँडवर चढवला. खट्. मनोहरच्या खटक्यापेक्षा आवाज गोड वाटला. वरून दाबून पाहिले, कॅमेरा झुकला नाही. एवढी परीक्षा मला पुरली. मालकाने डोके खाजवले, पण गिऱ्हाइकाशी किती वाद घालणार? पट्टीची खाच माझ्या स्टँडवर त्याने चांगली घट्ट बसवून दिली, हे मात्र खरे.

तिथून सरळ एसटी स्टँडवर जाऊन परतीची गाडी धरायला हवी होती. मी रामदासपेठेची रिक्षा केली. भेटायला म्हणून नाही. दाखवायला.

मेव्हणी सुमनने दारातच म्हटले, "अगंबाई, भाऊजी! ताईले काहून नाही आणलं? पेटी आणली अन् बायको ठेवली घरी?"

जेवायला वांग्याची भाजी, झुणका आणि ज्वारीची भाकर होती. मनोहर आग्रहाने वाढत होता. त्याच्या बोलण्यात कुठे ऐट सापडते का म्हणून मी कान देऊन होतो. सापडली नाही, त्याचाही रागच आला. जेवण झाल्यावर मीच म्हणालो, "चला, तुमचा दोघांचा एक फोटो काढतो. नवीन पट्टी घेतली आहे."

अंगणात जास्वंदीजवळ दोघे उभे राहिले. कॅमेरा खट् करून बसला. मी मनोहरकडे पाहिले. तो म्हणाला, "वा भाऊ!" मी पडदा डोक्यावर घेतला. मागच्या दुधी काचेवर दोघे उलटे, डोके खाली पाय वर, अगदी मधोमध आले. फिल्मची चौकट आत घातली. तिच्यावरची झाकणाची पातळ स्लाइड बाजूला ओढून काढली. आता फक्त खटका दाबायचा होता.

"भाऊ, थांबा," मनोहर म्हणाला. "स्लाइड परत टाका, चौकट काढा अन् पुन्हा काचेत पाहा."

पाहिले. काचेवर जास्वंद होती, भिंत होती, उलटी सुमन कडेला होती. मनोहर नव्हता.

ज्यांनी मोठा कॅमेरा वापरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लाइड चौकटीत घट्ट असते आणि ओढताना कॅमेऱ्याला बाजूला हिसका बसतो. गोल पट्टी एकाच स्क्रूवर असते, ती त्या हिसक्याने गिरकी घेते. काठ असता तर तो कॅमेऱ्याच्या बुडाच्या कडेला अडला असता. स्लाइड ओढताना काच फिल्मच्या चौकटीमागे झाकलेली असते, म्हणून फोटोग्राफरला काहीच दिसत नाही. पट्टी घेताना वजन पाहू नका, स्लाइड ओढून पाहा.

सुमन येऊन काचेत डोकावली. "अरे देवा! याहीले काढून टाकलं काहून भाऊजी? एवढे वाईट हायेत का माझे मालक?"

ती हसली, मनोहर हसला. मला हसता आले नाही. आठ-नऊ महिन्यांत मनातल्या मनात किती वेळा मी त्याला फोटोबाहेर काढले होते. आज ते समोर काचेवर झाले, आणि त्याच्याच अंगणात. रविवारी त्याच जागी शाळेचे कोणी शिक्षक असते, नाही तर मोठे साहेबच.

"माझंही असंच झालं होतं," मनोहर म्हणाला. "मी तर एका लग्नात नवरीचा बापच कापला. चला, बसा स्कूटरवर. बदलून आणू."

दुकानदाराने गोल पट्टी उलटी करून पाहिली. "याच्यावर तर स्क्रूचे वळ उठले भाऊ. आता हे कोण घेईन?"

"घेऊन घ्या," मनोहर म्हणाला. "आपल्या घरचे आहेत."

दुकानदाराने लगेच घेतली. मी उमरेडहून आलेला, वयाने मोठा, धंद्यात जुना, आणि माझी चूक त्याच्या एका शब्दावर परत घेतली गेली. काळी पट्टी आणि स्टँडवर तिच्या मापाची खाच बसवली, स्लाइड दोन-तीनदा ओढली. कॅमेरा जागचा हलला नाही. मी आभार मानले. ते तोंडातून निघाले, मन मात्र मागेच राहिले.

मनोहरने एसटी स्टँडवर सोडले, टपावर कॅमेऱ्याचा स्टँड चढवला आणि खिडकीतून संत्र्यांची पिशवी दिली. "ताईले द्या. अन् रविवारी सकाळच्या उन्हातच काढा, दुपारी डोळे बारीक होतात लोकांचे." हे मला ठाऊक नव्हते काय? संपूर्ण रस्ता त्या एका वाक्यावर मी चिडत आलो. संत्री मात्र गोड होती.

रविवारी शाळेच्या पटांगणात तीन रांगा लागल्या. खट्, पडदा, चौकट, स्लाइड, खटका. मोठे साहेब गळ्यातला हार नीट करत होते तोच फोटो झाला. हेडमास्तर म्हणाले, "झाला? बरं झालं, नागपूरहून कोणाले बोलावलं नाही." हे ऐकायलाच मी सारे केले होते. ऐकून घेतले, मान हलवली. "नागपूरहूनच आला आहे हा फोटो," हे वाक्य ओठांवर आले आणि तिथेच थांबले.

रात्री फिल्म धुतली. दोन्ही टोकांची माणसे शाबूत होती, डावीकडच्या शिपायाच्या सदऱ्याचे बटणसुद्धा दिसत होते. सकाळी पहिला प्रिंट देवापुढे ठेवला. मत्सर घेऊन जा, असे मागणार होतो. पण एकदा खोटे मागून झाले होते, म्हणून या वेळी नुसते हात जोडले.

बायको म्हणाली, "मनोहरभाऊजीले पाठवा हो एक. त्याहीनंच तर मदत केली."

मी सगळे प्रिंट खिडकीशी नेऊन पाहिले आणि सर्वांत स्वच्छ निवडला. बायकोला वाटले मी आभार म्हणून निवडला. तेही होतेच. पण मनोहरने तो डोळ्याजवळ धरावा, ते बटण पाहावे आणि क्षणभर गप्प व्हावे, हेही हवे होते. पाकिटात दोन्ही गेले. त्यात कोणते जास्त भरले, ते मला आजही सांगता येत नाही.