सातव्या नंबरवर माझा भाऊ

आमचे हे वाईट नाहीत. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही काहीही म्हणाल, आणि मला ते खपणार नाही.

नोकरी कारखान्याच्या गोदामात. नट, बोल्ट, ग्रीसचे डबे मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. पण त्या कामावरून यांना कुणी ओळखत नाही. सगळे म्हणतात 'यादीवाले'. कारखान्याच्या बेसबॉल संघात कोण कितव्या नंबरला बॅट धरणार हे गेली चौदा वर्षं हेच ठरवतात. शुक्रवारी दुपारी फाटकाजवळच्या फळ्यावर यादी लागली की पगाराच्या दिवशी होत नाही एवढी गर्दी होते.

माणसं नऊ, नंबर नऊ. पहिले दोघे चपळ, काहीही करून बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचणारे. चौथा म्हणजे जोरकस फटका मारून त्या पोचलेल्यांची धाव पुरी करून त्यांना घरी आणणारा, संघाचा खांब. सातव्यापासून पुढे सगळी भरती. एवढं तर मलाही पाठ झालंय, कारण यादी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच तयार होते. गोदामातून टाकून दिलेले नऊ नट एका डब्यात आणून ठेवलेत. एकेक नट म्हणजे एकेक माणूस. मी भाजी चिरत असते आणि हे नट सरकवत बसतात. शेजारी चौकटीची वही. कुणाला कुठून चेंडू आला, कुठला लागला, कुठला हुकला, सगळं त्यात. स्वतः मात्र आयुष्यात बेसवर पोचलेले नाहीत. लहानपणी नववा माणूस आला नाही की यांना उभं करत, एवढीच यांची कारकीर्द.

सगळ्यात मोठा नट माझ्या धाकट्या भावाचा. त्याला ठोक्या म्हणतात. हे लग्नाआधी त्याची बॅट बघायला आमच्या घरी यायचे. बॅट बघता बघता मला बघितलं, असं मी म्हणते. हे म्हणतात, दोन्ही बघितलं, पण बॅट सरस होती.

ठोक्या अकरा वर्षं चौथ्या नंबरवर आणि अकरा वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर. ते प्रेस दोघांनी चालवायचं. डावीकडे उभा असलेला माणूस पत्रा साच्याखाली सरकवतो आणि हात काढून घेतो. हात बाहेर आला हे डोळ्यांनी बघूनच दुसऱ्यानं पॅडल दाबायचं. पॅडलवर माझा भाऊ. पत्र्यावर अबोल. त्याला सगळे अबोलच म्हणतात. दिवसाला दहा शब्द बोलेल तर शपथ. भला माणूस, संघात पाचवा.

यंदा सामने सुरू झाले आणि एका संध्याकाळी यांनी तो मोठा नट उचलला तो खाली ठेवीनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"डावीकडून अंगालगत आलेला चेंडू त्याला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"बावीस आले, बावीसच्या बावीस हुकले. बॅटच हलत नाही गं. उजवीकडचे अजून तसेच हाणतो."

"मग डोळा दाखव म्हणावं."

"हळू बोल!" हे दाराकडे बघत म्हणाले. "डोळ्याचं फोरमनला कळलं तर प्रेसवरून काढतील आणि झाडू देतील हातात. तुला चालेल?"

नाही चालणार, मी म्हणाले. माझा भाऊ आणि झाडू! झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही म्हणाले मी. माझ्याच तोंडानं. प्रेस हा शब्द त्या टेबलावर उच्चारला गेला आणि आम्हा दोघांना त्यात फक्त नोकरी दिसली. अबोलचा हात कुणालाच दिसला नाही.

त्यानंतर सात आठवडे हे घुम्यासारखे वागले. जेवताना नट, चहा पिताना नट. दुसऱ्या नंबरवर ठेवून बघावं, तर तिथे धावायला हवं. सहावा म्हटलं, तर त्याच्या पुढचा माणूस हळू. एकदा मी वैतागून म्हटलं, "माणूस आहे तो, कपाट नव्हे, कुठे ठेवू नि कुठे नको करायला!" तर म्हणाले, चुकीच्या जागी ठेवलेला चांगला माणूस वाया जातो. खरं आहे म्हणा. तेव्हा मला ते फारच शहाणपणाचं वाटलं होतं.

शेवटी त्या शुक्रवारी यादी लागली. चौथा अबोल. सातवा ठोक्या.

संध्याकाळी भाऊ घरी आला. चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "भाऊजी, सातवा?"

"डावीकडचे हुकतायत रे."

"झोप होत नाही हल्ली. बाकी काही नाही."

"असेल. पण सातव्या नंबरला पिचर जरा सैल सोडतो, उजवीकडे टाकतो. तुला तेच हवेत."

"आणि चौथ्याला अबोल. वा! कारखाना तोंडात शेण घालेल माझ्या."

माझा भडका उडाला. यांना नको नको ते बोलले. मेहुण्याची अब्रू फळ्यावर टांगलीत, म्हणाले. हे मान खाली घालून बसले. मी चहा दिला. भावानं दोन घोट घेतले आणि कप डावीकडे टेबलावर ठेवला. म्हणजे त्याला वाटलं, ठेवला. टेबल तिथे संपलेलं होतं.

कप फुटला. मग मी काचा गोळा करता करता म्हटलं, "लहानपणापासून वेंधळाच आहेस तू." तो कधीच वेंधळा नव्हता. आमच्या घरात काही फोडायची ती मी.

शनिवारचा सामना आम्ही जिंकलो. अबोलनं चौथ्या नंबरवरून तिघांना घरी आणलं. आणि ठोक्याला खरोखरच उजवीकडचे चेंडू मिळाले. दोन सणसणीत फटके! हे कधी नव्हे ते बाकावर उभे राहिले. "बसला! बरोबर जागी बसला!" मला म्हणाले, सुटला एकदाचा प्रश्न. घरी येऊन त्यांनी नट डब्यात भरले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मी मात्र ताटावर बसून कपाचाच विचार करत होते. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला कारखान्याचा भोंगा वाजला. ही काही भोंग्याची वेळ नव्हती. मी चपला न घालताच पळाले.

अबोलची चार बोटं गेली. ओरडलासुद्धा नाही म्हणे, फक्त "थांब" म्हणाला, आणि तेही नंतर.

दुपारपर्यंत कारखानाभर एकच बोलणं. नंबर घेतला, म्हणून हात घेतला. अकरा वर्षं शेजारी उभं राहून डबा वाटून खाल्लेल्या माणसाबद्दल असं बोलताना लोकांची जीभ झडली नाही. भाऊ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कपड्यावर डाग तसेच. "ताई, हात बाहेर आलेला मी बघितला गं," एवढंच पुन्हा पुन्हा. "शपथेवर सांगतो, बघितला." दुसऱ्या दिवशी फोरमनपुढे चौकशी होती. मुद्दाम केलं असं ठरलं असतं तर पोलीस आले असते.

आणि त्याला वाचवणारी एकच वस्तू आमच्या घरात होती. ती चौकटीची वही.

मी यांच्याकडे बघितलं. हे वहीकडे बघत होते. ती दाखवली तर भाऊ सुटणार, पण हे अडकणार, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. इकडे आड, तिकडे विहीर. एकीकडे नवरा, एकीकडे पाठचा भाऊ. खोटं कशाला बोलू, वही चुलीत घालावी असं क्षणभर मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

यांनीच सकाळी वही काखेत मारली. मी बरोबर गेले. कुणी नको म्हणालं नाही.

फोरमननं पानं चाळली. यांचं अक्षर सुरेख. हुकलेल्या चेंडूंवर लाल फुल्या, सगळ्या डावीकडच्या चौकटीत. लहान पोरालाही कळलं असतं. फोरमननं पुन्हा पहिल्या पानापासून फुल्या मोजल्या. मग वही मिटून म्हणाला, "म्हणजे मुद्दाम नाही. त्याला डावीकडचं दिसतच नव्हतं."

"नाही," हे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

"आणि हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

यांना अंदाजे सांगायची सवयच नाही. वही परत घेतली, पान काढलं, बोट ठेवलं. "शंका नऊ आठवड्यांपूर्वी आली. खात्री होऊन सात झाले."

"सात आठवडे," फोरमन म्हणाला. "मग तुम्ही काय केलंत, यादीवाले?"

हे उभेच होते. एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्या उघड्या वहीकडे.

"सातव्या नंबरवर टाकला," हे म्हणाले.