घर, भिंतीसकट

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. त्यांचे यजमान आमचे वरिष्ठ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, म्हणून या वहिनी. मग दादा गेले. ताप आला, हॉस्पिटलात ठेवलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. हाक मात्र तशीच राहिली. मारताना जीभ अडखळायची, पण इतक्या वर्षांनी दुसरं काय म्हणणार?

शहरातल्या संग्रहालयाला काही जुनी घरं कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी करून हवी होती. पडद्यासमोर उभं राहायचं, दारातून आत शिरायचं, जिना चढायचा, खिडकीतून खाली बघायचं. घरं निवडायची आणि मोजायची वहिनींनी. त्या मापांवरून ती पडद्यावर बांधायची मी. माझं हे काम पूर्वी दादा करायचे.

कुठल्याही घरात शिरल्या की वहिनी आधी संडास कुठे आहे ते विचारायच्या. ऑफिसात यावरून काय काय विनोद झालेत, सांगायची सोय नाही. पण त्यांचं बरोबर असायचं. नळ आणि पाइप मागाहून आलेले असतात. त्यांच्यासाठी काय फोडलं, काय बुजवलं ते बघितलं की घराचं वय लपत नाही.

पूर्वी एखादं घर मनात भरलं की वहिनी परत येऊन दादांच्या टेबलाशी उभ्या राहून त्यांच्याशी भांडायच्या. "तुम्ही बघितलेलं नाही, तेव्हा बोलू नका." आम्ही हातातलं काम सोडून ऐकत बसायचो. आता त्यांचं 'हो' आणि 'नाही' एकाच सुरात यायचं. एका दातांच्या डॉक्टरांनी तर आम्ही येणार म्हणून घर रंगवून ठेवलं होतं. वहिनी आत एक चक्कर मारून आल्या.

"नाही."

"का हो?"

"वरचा मजला नवा आहे."

"पण समोरून जुनं दिसतं ना?"

"दिसतं," वहिनी म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी टेप गुंडाळली.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "मला अजून रडू आलेलं नाही. काही बिघडलंय का गं माझं?"

"येईल, वहिनी."

"येईल का, हे नाही विचारत. नाहीच आलं तर चालतं का?"

मी गाडी सुरू केली.

शेवटचं घर एका घड्याळजीचं. तो जाऊन जमाना झाला होता. दोन मुलं, तीही आता नाहीत. राहिल्या होत्या दोघी जावा. भावाभावांचं फाटलं तेव्हा त्यांनी मधल्या मोठ्या खोलीत आडवी भिंत घातली आणि रस्त्याकडे दुसरं दार फोडलं. भिंत नेमकी खिडकीच्या मध्यावर आली होती. एक झडप थोरलीकडे, एक धाकटीकडे. वर मात्र लाकडी तुळया भिंतीतून आरपार गेल्या होत्या.

वहिनींनी मान वर करून त्या बघितल्या. "हे घेऊ," म्हणाल्या.

थोरल्या जाऊबाई बोलक्या. "ती भिंत तेवढी काढा हो," त्या म्हणाल्या. "मी आले तेव्हा ही खोली केवढी होती! चाळीस माणसं बसायची. कॉम्प्युटरवर का होईना, बघू दे परत एकदा."

धाकट्या जाऊबाई त्यांच्या दारातच उभ्या राहून आमच्याशी बोलल्या. "भिंत ठेवा. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी ती बांधली. लोक म्हणतात, माझ्यामुळेच बांधली. असेल. पण मी नांदले ते हिच्या अलीकडे. हीच पुसलीत तर मी या घरात होते कुठे?"

वहिनींनी दोघींचं ऐकून घेतलं आणि कामाला लागल्या. खिडकीचे दोन्ही अर्धे भागही वेगवेगळे मोजले, आधी इकडून, मग रस्त्याने वळसा घालून तिकडून. मी टेपचं दुसरं टोक धरून मागे मागे.

संग्रहालयातल्या बाईंचं म्हणणं सरळ होतं. घर मूळचं हवं. नंतरची तोडफोड दाखवायची नाही. लोकांना ती मोठी खोली बघायची असते. मलाही ते पटत होतं. वहिनी म्हणाल्या, "भिंत राहील."

"अहो, पण ती घराची नाहीच!"

"आता घराचीच आहे."

"मग आम्हाला दुसरं घर निवडावं लागेल."

"निवडा."

आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. संग्रहालयाच्या बाईच गडबडल्या, कारण बाकीची घरं मोजून झाली होती आणि नवं शोधायला वेळ नव्हता. शेवटी तोडगा मी काढला. पडद्यावर घर भिंतीसकटच उघडेल. कोपऱ्यात एक बटण असेल. ते दाबलं तर भिंत जाईल, सोडलं की परत येईल. वहिनींनी "बरं" म्हटलं. बरं म्हणजे चांगलं की नाइलाज, ते कळलं नाही.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा दोघी जावा आल्या. एकाच बसने आल्या, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून, असं थोरल्यांनीच सांगितलं. त्यांनी बटण दाबलं आणि धरून ठेवलं. पडद्यावर खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी झाली. बराच वेळ त्या बघत होत्या.

"एवढीच होती होय," त्या म्हणाल्या. "मला मोठी आठवत होती."

धाकट्या जाऊबाईंनी बटणाला हात लावला नाही. आपल्या बाजूची झडप जवळ आणून दाखवा म्हणाल्या. मी दाखवली. कडीचा वाकडा खिळासुद्धा त्यात होता. तो बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण स्वतः पडद्याकडेच बघत राहिल्या. डोळे कोरडे.

संग्रहालयाला आता आणखी घरं हवी आहेत. वहिनी जातात, मोजतात, हो-नाही सांगतात. परवा मला बरं नव्हतं म्हणून त्या एकट्याच गेल्या. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी विचारलं, "कसं होतं घर?"

"कामाचं नाही. सगळं बदललंय." मग घास हातातच ठेवून म्हणाल्या, "जिना मात्र छान आहे. रुंद, उजेडाचा. मी दोनदा उतरले."

"दोनदा? मोजायला?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "उगीच."

आणि जेवायला लागल्या.