धामणदांडचं बंद घर

भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधली सहदेवची सगळी नोकरी धामणदांडच्या नावाचा जप करण्यात गेली. पाणी प्यायला तर म्हणे, पाणी आमच्या दांडावरचं. भात खाल्ला तर म्हणे, हा काय तांदूळ हाय? क्वार्टरच्या खिडकीतून गार वारा आला तरी त्या वाऱ्याचं मेल्याला कौतुक नाही, कारण तो धामणदांडचा नव्हे. इंदूबाईनं हे सगळं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. बोलायला काय लागतं? पगार चालू आहे, डोक्यावर छप्पर आहे, कोण जातंय डोंगरावर राहायला, अशी तिची खात्री होती.

पण माणूस रिटायर होतो आणि खात्रीचं मातेरं होतं.

क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा खरं तर प्रश्नच नव्हता. थोरल्या संतोषनं दहिवलीला फ्लॅट घेतलेला. त्यात एक खोली आईबापांची म्हणून वेगळी ठेवलेली. सुनेनं, हर्षलानं, खिडकीला पडदेसुद्धा लावले होते. इंदूबाईचं माहेर भिसेगावचं, म्हणजे भाऊ-भावजया हाकेच्या अंतरावर. असं सगळं गोडीगुलाबीचं जुळलेलं असताना सहदेवनं एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता जाहीर केलं, "आपण धामणदांडला जातोय."

"कोण आपण?" इंदूबाई म्हणाली.

धामणदांड खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. टेंपो पायथ्याला सोडतो आणि तिथून पुढची चढण अशी, की भल्याभल्यांना आई आठवते. एके काळी वाडी भरलेली होती. मग पोरं खाली कारखान्यांत लागली, मागोमाग बायका उतरल्या, शाळा बंद झाली आणि एकेका घराला कुलूप चढत गेलं. आता चूल पेटते ती जेमतेम सहा घरांत. तीही एकमेकांना लागून नाहीत. जो तो आपापल्या उंचवट्यावर, मध्ये घळी नाहीतर रान.

इंदूबाईला डोंगराची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती. आदल्या वर्षी सहदेव दाढी करता करता छाती धरून खाली बसला. ती दारात येऊन नुसती ओरडली, तर क्वार्टरची अख्खी लाईन गोळा झाली. कुणी जीप काढली, कुणी त्याला उचललं, एकीनं तर जाता जाता गॅसही बंद केला. कर्जतला पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." हे दोन शब्द इंदूबाईच्या काळजात जे रुतून बसले ते बसलेच.

"हितं मी आरडले तर माणसं आली," ती म्हणाली. "तितं आरडले तर कोण येल?"

"येतात गं माणसं."

"कुटली? हायत कुटं?"

सहदेव भाजीची जुडी उलटसुलट करत राहिला. तो म्हणाला, "हवा चांगली हाय."

हवा काय उचलून दवाखान्यात नेणार होती? पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिचं मन द्रवलं. जन्मभर एकच गोष्ट मागितली बिचाऱ्यानं. शेवटी ती म्हणाली, "दिवाळी झाली की म्हयनाभर ऱ्हाऊ. मग मी काय ते सांगीन. आणि गॅस बरोबर पायजे. या वयात मी फुंकणी घेऊन डोळं फोडून घ्यायची नाय."

तर दिवाळीनंतर दोघं वर गेली. सिलिंडर खांद्यावरून चढवला तो पदूनं. पदू हा घळीपलीकडच्या चिंधीचा मुलगा. खाली कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा आणि सुट्टीला तेवढा वर यायचा. चिंधी म्हणजे पोशाची बायको. पोशा आणि सहदेव लहानपणी एका ताटात जेवलेले. पोशा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा सहदेव दहाव्याला येऊन गेला होता. आता पलीकडच्या घरात चिंधी आठवडाभर एकटीच असायची.

पहिले चार दिवस झाडलोट आणि सारवणात गेले. इंदूबाईला मनातून वाडी आवडली, पण तसं कबूल केलं तर खटला हरल्यासारखं होईल म्हणून ती गप्प राहिली. गंमत झाली ती सहदेवची. ज्या शांततेचे त्यानं जन्मभर गोडवे गायले, ती त्याला सोसेना. सगळी हयात यंत्राची घरघर ऐकत काढलेली. इथे कानाला काही लागेचना. सकाळी उठून तो तोंड वाकडं करून सांगायचा, झोपच लागली नाही. इंदूबाई म्हणायची, "हवा चांगली हाय ना!"

एकदा सहदेव झऱ्यावर गेला असताना तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. अंगणाच्या कडेला उभी राहिली. घळीपलीकडे चिंधीचं अंगण तळहातासारखं उघडं दिसत होतं. चिंधी भात पाखडत बसली होती. इंदूबाईनं पदर खोचला आणि क्वार्टरमध्ये मारली होती तशीच हाक मारली, "ओ चिंधीवयनी!"

चिंधीनं मान वर केली नाही. इंदूबाईनं परत बोंब ठोकली. वारा ती उचलून भलतीकडेच घेऊन गेला. घसा खरवडला, पण चिंधीचं सूप काही थांबलं नाही. तिथेच इंदूबाईचा निर्णय झाला. महिना भरला की खाली उतरायचं. नवऱ्याला वाईट वाटेल, पण वाईट वाटायला तो जिवंत तरी राहील.

हे ठरवल्यावर तिला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीशी गेली तर सरपण दवानं भिजलेलं. रोज ती अंघोळीचं पाणी चुलीवर तापवायची आणि चहा-जेवण गॅसवर करायची. सहदेवला सर्दी झाली होती, तो म्हणाला, "आज नकोच अंघोळ." तिलाही तेच हवं होतं. चूल तशीच राहिली. गॅसवर चहा झाला, दोघं उन्हाची वाट बघत घरातच बसली.

चहा संपत आला तेव्हा खालून धापा ऐकू आल्या. दार ढकलून पदू आत आला. त्याच्या खांद्यावर लांबलचक बांबू होता आणि काखेत घोंगडी. मागे घळीपलीकडच्याच वरच्या घरातला हिरामण, आणि त्याच्याही मागे काठी टेकत, छातीचा भाता झालेली चिंधी. हातात कप धरलेल्या इंदूबाईकडे ती तिघं भूत बघावं तशी बघत राहिली.

"काका कुटं हाय?" पदूनं विचारलं.

"हा काय," सहदेव कोपऱ्यातून म्हणाला आणि शिंकला.

चिंधी उंबऱ्यावरच मटकन बसली. जरा दम आल्यावर तिनं जे तोंड सोडलं ते सोडलं. "चूल का नाय पेटवली गं? जित्या माणसानं असं करावं का? मी दारात उबी ऱ्हाऊन बघतेय, बघतेय, धूर नाय! शेवटी पदूला म्हटलं, ऊठ रं, घोंगडी घे, सहदेवभावोजींचं कायतरी झालं!"

आता इंदूबाईला बांबूचा अर्थ कळला. घोंगडीची झोळी करून माणूस खाली न्यायचा, त्याची तयारी होती ती. चिंधीनं पुढे सांगितलं ते वाडीचं जुनं वळण. सकाळी आपली चूल पेटवायची, बाहेर यायचं आणि समोरच्या घराचा धूर बघायचा. दिसला तर ठीक. नाही दिसला तर हातातलं काम टाकून जायचं. हाक मारत बसायचं नाही, वाऱ्यात हाक पोचत नाही आणि म्हाताऱ्यांना ऐकू तरी कुठे येतं?

"आमी चा गॅसवर केला," इंदूबाई ओशाळून म्हणाली.

"गॅसला धूर हाय का?"

"नाय."

"मग मला काय सपान पडतंय?"

पदू हसायला लागला, हिरामण हसला, सहदेवही हसून परत शिंकला. इंदूबाईला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. वर आल्यापासून ती विचारत होती कोण येईल, आणि ही गुडघे गेलेली बाई न बोलावता अख्खी घळ उतरून चढून आली होती. तिनं सगळ्यांसाठी चहा ठेवला. चिंधीला हाताला धरून आत घेतलं, भिंतीला टेकून बसवलं.

चहा घेता घेता तिनं सहज विचारलं, "पोशाभावोजी गेले तवा बी असंच सगळे धावले असतील."

पदूनं कप खाली ठेवला.

"नाय गं," चिंधी म्हणाली. "मी लेकीच्या बाळंतपणाला गेल्ते. पदू ड्युटीवर. ह्यो एकटाच व्हता. सकाळच्या पारी अंगणात पडला असंल. दुसऱ्या दिशी म्हस लई वरडाय लागली, तवा हिरामण आला. तवर खलास. डाक्टर म्हनला, लवकर आणला असता तर वाचता."

"आणि धूर? धूर नाय हे कुणालाच दिसलं नाय?"

"आमचं अंगण हिरामणला दिसत नाय, मदी टेकाड हाय. ते एकाच घरातनं दिसतं." चिंधीनं बसल्या जागी हातानं जमीन थापटली. "ह्या घरातनं. ह्याला कुलूप व्हतं."

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. कुठली वाट कुठे जाते हे सांगावं तसं सांगितलं होतं. पण इंदूबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतके दिवस ती स्वतःचाच विचार करत होती, आपल्याला कुणी बघेल का. आपलं कुणाला बघायचं राहून गेलं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. सहदेवकडे बघायची तिला हिंमत होईना. दहाव्याला त्याला एवढंच कळलं होतं की पोशाचं हृदय बंद पडलं.

मंडळी गेली. सहदेव दिवसभर घराबाहेर पडला नाही. जेवलाही नाही धड. उन्हं उतरताना तो कपड्यांची पिशवी भरायला लागला.

"काय चाललंय?"

"चल दयवलीला. मला हितं नाय जमायचं. झोप नाय, काय नाय."

"झोपेचं नाव नका सांगू," इंदूबाई म्हणाली. "काय ते खरं बोला."

सहदेव पिशवीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "दार उगडलं की त्याचं अंगण दिसतं गं. रोज दिसंल. तो तितं पडलेला... आणि मी खाली क्वार्टरात बसून लोकांना धामणदांडच्या गप्पा सांगतोय. कसा ऱ्हाऊ?"

इंदूबाईला त्याची एवढी दया आली की पिशवी भरून देऊन त्याच्याबरोबर तसंच निघावं. तिला तरी कुठे राहायचं होतं? दहिवलीची खोली, पडदे, भावजया, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण बाहेर चिंधी सुपातलं भात गोळा करून घरात जाताना दिसली, एक हात कमरेवर ठेवून, हळूहळू. उद्या पदूची सुट्टी संपत होती.

"अवो, रोज दिसंल म्हणूनच तर ऱ्हायाचं," ती म्हणाली.

सहदेव ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. दुसऱ्या दिवशी पदूबरोबर तो उतरला. तिनं अडवलं नाही. गोळ्या पिशवीत घातल्या, त्याला कानटोपी घातली आणि म्हणाली, "माझी काळजी करू नका. मन लागलं नाय तर या." मग कातळावर, जिथे मोबाईलला रेंज येते तिथे जाऊन तिनं संतोषला फोन लावला.

"बाबा येतायत. मी नाय येत."

"आई, एकटी ऱ्हाशील तितं? तूच तर नाय म्हणत व्हतीस!"

"म्हणत व्हते रं. तवा मला ठावं नव्हतं."

"काय ठावं नव्हतं?"

हे फोनवर कसं सांगायचं ते तिला सुचेना. "सूनबाईला सांग, पडदे झ्याक हायत," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढचे दिवस तिचे बरे गेले असं म्हणणं खोटं ठरेल. घर खायला उठलं. संध्याकाळी नवऱ्याच्या नावानं रडू आलं, आणि त्याच्या नावानं खडेही फोडले. पण सकाळी ती उठायची, ओलं सरपण फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची आणि तोंडही न धुता अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहायची. पलीकडून चिंधी हात वर करायची, मगच इंदूबाई चहाला लागायची.

आठवडा उलटला असेल. दुपारी ती शेणी थापत होती, तर चढणीवर कानटोपी दिसली. सहदेव पिशवी सावरत, दर चार पावलांना थांबत वर येत होता. अंगणात येऊन तो ओट्यावर बसला. इंदूबाईनं हात न धुताच त्याला आधी निरखून घेतलं, मग तांब्या आणून दिला.

"काय? तितं बी झोप नाय लागली?"

"लागली की. खाली बोअरचा पंप घरघरतो, मस्त झोप लागते." तो पाणी प्यायला, त्यानं तोंड पुसलं आणि घळीपलीकडच्या अंगणाकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. "पण सकाळी उठून ग्यालरीत जाऊन उबा ऱ्हायलो, की कुणाकडं बघायचं तेच कळंना."