चपलेतला माणूस

माझ्या विहीणबाईंशी माझी पहिली भेट भांडणानं झाली आणि त्या भांडणात मी जिंकलो. सगळा घोळ या जिंकण्याचाच आहे.

हे कोरोनाच्या दुसऱ्या वर्षातलं. दुकानं अर्धा दिवस उघडायची. मी यवतमाळच्या एका कचेरीतून बडे बाबू म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. नियम सांगायची सवय शाबूत होती, पण ऐकायला घरात फक्त बायको उरली होती. (ती ऐकत नाही.) आणि पोरगी प्रज्ञा दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी कोरोना वार्डात.

लोकांनी तिच्यासारख्यांसाठी थाळ्या वाजवल्या ते सगळ्यांना आठवतं. थाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच तीन घरांनी, पोरगी कोरोना वार्डात आहे म्हटल्यावर आमचा फोन उचलणं बंद केलं, ते मला आठवतं. प्रज्ञा हसून म्हणायची, "बाबा, त्या पीपीई किटमधून नवरी दिसतच नाही, त्यांचा काय दोष?"

मग पुसदचं स्थळ आलं. मुलगा सुमेध, शाळेत मास्तर. दोघं महिनाभर फोनवर बोलले आणि आमच्या पोरीनं जन्मात पहिल्यांदा 'हो' म्हटलं! आता राहिली होती फक्त मुलाची आई, सुलोचनाताई. सुमेधला वडील नाहीत, घरात शब्द आईचा. त्यात आई निवृत्त हेडमास्तरीण. त्या शनिवारी यवतमाळात बहिणीकडे उतरणार होत्या आणि रविवारी आमच्याकडे येणार होत्या.

"हे जमलंच पाह्यजे," शीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "तुम्ही फक्त तोंडाले आवर घाला."

शनिवारी सकाळी तिनं यादी हातात दिली. काजू, वेलची, तूप आणि गुलाबजामचं पाकीट. खवावाला बंद होता, म्हणून पाकीट.

"पाकीट इसरसान तं घरी येऊ नका. आन् ह्या चपला अगोदर फेका! उद्या पाहुणे येऊन राह्यले."

चपलांबद्दल सांगायला हवं. डाव्या चपलेचा अंगठा लॉकडाऊनमध्ये तुटला. शिवून देणारा कोणी बसत नव्हता, म्हणून मी स्वतः विजेची लाल वायर गुंडाळून अंगठा बांधला. काय मजबूत काम झालं! नवीन अंगठा तुटेल, पण वायर तुटणार नाही. शीलाला त्यातलं कौशल्य कधी दिसलंच नाही.

बायपासवरच्या त्या तीन मजली दुकानाला आमच्याकडे सगळे मॉल म्हणतात. बाहेर चुन्याचे गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. पण मे महिन्यातलं यवतमाळचं ऊन! माणसं सगळी कडुनिंबाखाली आणि गोलांमध्ये त्यांचे प्रतिनिधी: एक हेल्मेट, दोन-चार थैल्या, पाण्याची बाटली, अर्धी वीट. मीही माझ्या गोलात चपला ठेवल्या आणि अनवाणी सावलीत गेलो. रांग हलली की चौकीदार ओरडायचा, "सरकवा आपापलं!" की आम्ही सगळे धावत जाऊन आपापलं एक गोल पुढं सरकवून परत यायचो. लाल वायरीमुळे माझ्या चपला लांबूनही ओळखू यायच्या, हा मोठाच फायदा. (हे वाक्य लक्षात ठेवा. मला ठेवता आलं नाही.)

एकदा सरकवायला गेलो तर माझ्या पुढच्या गोलात, जिथं माझ्या चपला जायला हव्या होत्या, तिथं एक हिरवी थैली बसलेली! थैलीमागे एक बाई. तोंडाला मास्क, मास्कवर प्लॅस्टिकची काच, डोक्याला ओढणी, हातात मोजे. म्हणजे बाई अशी दिसतच नव्हती, नुसता आवाज येत होता.

"बाई, हा गोल माहा हाय."

"कायचा तुमचा? माही थैली केव्हाची हाय इथं."

"थैली ठेवून नंबर लागत नाई. नियम हाय."

"मंग चपला ठेवून लागते काय?"

आता हा प्रश्न तीस वर्षं नियमांत मुरलेल्या माणसाला विचारायचा नव्हता!

"लागते! चपलेत माणूस उभा राह्यते, बाई. थैलीत राह्यते काय माणूस?"

कडुनिंबाखाली हशा पिकला. कोणीतरी टाळीही वाजवली. मी ऐटीत चपलांमध्ये पाय घातले आणि गोलात उभा राहिलो. चौकीदारानं डोकं खाजवलं. "काकाचं बरोबर वाटून राह्यलं बाप्पा," तो म्हणाला. बाईनं थैली उचलून झटकली. "काय माणूस हाय!" एवढंच म्हणाली आणि माझ्या मागं जाऊन उभी राहिली.

आत प्रत्येकाला अर्धा तास. कपाळावर ताप मोजायचं पिस्तूल लावलं, हातावर औषध मारलं, आणि जमिनीवर काढलेल्या बाणांच्या दिशेनंच चालायचं असं बजावलं. मास्कमुळे माझ्या चष्म्यावर वाफ धरलेली. काजू म्हणून मी आधी कपडे धुवायच्या साबणाचं पाकीट टोपलीत टाकलं. तूप सापडलं, वेलची सापडली. गुलाबजामच्या फळीवर एकच पाकीट उरलं होतं. मी हात घातला, त्याच वेळी पलीकडून मोजा घातलेला एक हातही आला.

"भाऊ, येवढं राहू द्या," तोच आवाज! "मले उद्या पाहुणपणाले जायचं हाय."

मी सकाळचा विजेता होतो. मला कोण थांबवणार?

"पाहुणपणाले जाणाऱ्यानं खायचं असते, बाई, न्यायचं नसते!" असं म्हणून मी पाकीट खसकन ओढलं आणि बाणाच्या उलट दिशेनं निघून गेलो. (नियम मोडला. घाई होती.)

घरी आल्यावर हा सगळा पराक्रम मी शीलाला दोनदा सांगितला. तिनं पाकीट तपासलं आणि विचारलं, "चपला फेकल्या?" मी फेकल्या नव्हत्या. दाराबाहेर ओट्यावर कोपऱ्यात सरकवल्या.

रविवारी चार वाजता फाटक वाजलं. मी खिडकीतून पाहिलं. सुमेध दिसला, उंच, सालस पोरगा. त्याच्या मागं एक बाई ओट्यावर चप्पल काढत होती. काढता काढता ती जरा थांबली, मग आत आली. तिच्या हातात हिरवी थैली होती.

"जय भीम," बाई म्हणाल्या. "घर छान आहे हो तुमचं."

मराठी आज पुस्तकातली होती, पण आवाज तोच. मी हात जोडले आणि तसाच मागच्या पावली स्वयंपाकघरात गेलो.

"शीला, मेलो! कालची बाई!"

"कोनती?"

"थैलीवाली!"

शीलानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे बह्यताड माणसा! आता मास्क काढसान तं पाहा. आन् एक शब्द बोलू नका. तुमच्या आवाजानं घात होईन."

मी मास्क नाकाच्या वर चढवून बैठकीत जाऊन बसलो. ताईंनी विचारलं, "निवृत्त होऊन किती दिवस झाले?" मी शीलाकडे पाहिलं. शीला पटकन बोलून गेली, "यांचा घसा बसला हाय."

बोलली आणि तिचाच चेहरा उतरला. कोरोनाचं दुसरं वर्ष, घरात कोरोना वार्डाची नर्स, आणि बापाचा घसा! सुमेधनं खुर्ची हळूच मागं घेतली. ताईंनी पर्समधून सॅनिटायझर काढलं.

"कधीपासून?" मी एक बोट वर केलं.

"ताप?" मी जोरजोरात मान हलवली, नाही.

"वास येतो?" मी त्याहून जोरात मान हलवली, हो.

"कशाचा?"

आता वास खुणेनं कसा सांगायचा? मी गुलाबजामच्या वाटीकडे बोट दाखवलं. ताईंनी वाटीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या आणि एक गुलाबजाम तोंडात टाकला.

तेवढ्यात प्रज्ञा पाणी घेऊन आली. तिनं 'घसा' एवढंच ऐकलं. ट्रे खाली ठेवला आणि नवरी मुलगी क्षणात नर्स झाली!

"बाबा! सकाळी तर चांगले बोलत होते! थांबा."

ती टॉर्च आणि बोटाला लावायचं यंत्र घेऊन आली. बोटाचं ठीक निघालं. "मास्क काढा." मी मास्क दोन्ही हातांनी धरून ठेवला. शीला म्हणाली, "राहू दे न वं बाई, मंग पाह्यजो." पण प्रज्ञा कुठली ऐकते! तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, मास्क काढला आणि टॉर्च लावला.

"आ म्हणा."

"आ," मी कुजबुजलो.

"मोठ्यानं!"

"आऽऽऽ!"

"घसा एकदम साफ आहे," तिनं जाहीर केलं. "मग बोलत काहून नाही तुम्ही?"

ताईंनी वाटी खाली ठेवली आणि उठून उभ्या राहिल्या.

संपलं, मला वाटलं. हे चौथं घर, आणि हे माझ्यामुळे. वार्डामुळे नाही, किटमुळे नाही, एका पाकिटामुळे! मग मला राहवेना.

"ताई, जाऊ नका! माहा घसाबिसा काही बसला नाई. काल तुमच्याशी भांडला तो बह्यताड मीच. पाकीट मीच हिसकलं. मले काय बोलायचं ते बोला, जोड्यानं मारा, पण माह्या पोरीले नाई म्हणू नका. लोकं तिच्या वार्डाले भेतात. तिनं तिथं लोकाइच्या मायबापाले आपल्या हातानं पाणी पाजलं..."

आणि इथं माझा घसा खरोखर बसला.

"अवो बाप्पा!" ताई म्हणाल्या. पुस्तकातली मराठी गेली, मॉलमधली आली. "मी तं हात धुवाले उठली होती. पाकानं चिकट झाले!"

मी आ वासून उभा. (घसा साफ असल्याचं पुन्हा सगळ्यांना दिसलं.)

"तुमाले तं मी दारातच ओळखलं होतं."

"मास्क होता, मंग कसं?"

"तुम्हीच नाई सांगतलं काल, चपलेत माणूस राह्यते म्हणून? ओट्यावर लाल वायरची चप्पल पाह्यली. म्हटलं, माणूस आत हाय."

"मंग बोलल्या काहून नाई?" मी विचारलं.

"तुमचा घसा किती वेळ बसून राह्यते, ते पाहून राह्यली होती."

सुमेध खुर्चीत वाकून हसत होता. प्रज्ञा टॉर्च बंद करायची विसरली होती. ताईंनी हिरवी थैली उलटी करून दाखवली. आत काही नव्हतं.

"हे पाकीट मी तुमच्याचसाठी घेत होती. पोरीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जावं, म्हटलं गुलाबजाम करून न्यावे. पण तुम्हीच म्हणाले, जाणाऱ्यानं खायचं असते. मंग आली तशीच." आणि त्यांनी आणखी एक गुलाबजाम उचलला. मग प्रज्ञाकडे वळल्या. "बापाले आ कर म्हणजे आ कर! मले अशीच पाह्यजे. मी घरी नाई ऐकत ना औषधाचं कोनाचं."

शीला पदरानं डोळे पुसत आत गेली आणि आतून तिचा हसायचा आवाज आला.

साक्षगंध आमच्याच बैठकीत झालं, मोजक्या माणसांत. अंगठ्या झाल्या, फोटो झाले. मग ताई सगळ्यांसमोर माझ्यापुढं आल्या आणि ती हिरवी थैली माझ्या हातात दिली.

"इवाईबुवा, थैलीत माणूस नाई राहत, कबूल. पण चप्पल राह्यते."

आत कोऱ्या करकरीत चामडी चपला होत्या. सगळे टाळ्या वाजवत होते. शीलानं जुन्या चपला वायरीसकट तिथल्या तिथं कचऱ्यात टाकल्या. आयुष्यभर साहेबांनाही नियम दाखवणारा मी, एक शब्द न बोलता नव्या चपलांमध्ये उभा राहिलो.

त्या एक नंबर लहान आहेत. प्रज्ञाच्या लग्नाला आता तीन वर्षं झाली, पण मी अजून विहीणबाईंना सांगितलेलं नाही. चालताना लंगडतो ते पाहून त्या काळजीनं विचारतात, तेव्हा शीलाच सांगते, "यांचा गुडघा दुखते."