दुपारी बाराचा अंधार

माझ्या उजव्या डोळ्यात पडदा उतरायला लागला तो एका सोमवारी सकाळी, आणि तोही अगदी नाटकातल्यासारखा, विंगेतून सावकाश. आधी कोपऱ्यात कुणी काजळाचं बोट लावल्यासारखं दिसलं. मी चष्मा पुसला. मग साहेबांचा चष्मा मागून पाहिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत समोर बसलेल्या माणसाचं अर्धं तोंड नाहीसं झालं होतं आणि उरलेलं अर्धं तोंड मला विचारत होतं, की आज डबा का उघडत नाही.

मी तेव्हा पिरंगुटला छपाईची शाई बनवणाऱ्या कारखान्यात रंगाची शेड जुळवायच्या टेबलावर होतो. गिऱ्हाईक रंगाचा नमुना पाठवतं, त्याच्याशी आमची शाई तंतोतंत जुळली की नाही हे मशीन सांगतंच, पण शेवटचा शब्द माझ्या डोळ्याचा. त्यातही माझी खासियत काळा. लोकांना वाटतं काळा म्हणजे काळा, त्यात जुळवायचं काय? पण कागदाच्या पट्टीवर पातळ ओढून उजेडात धरा. एक काळा निळसर निघतो, एक तांबूस, एक हिरवट, आणि एखादा असा खोल की त्यात बोट घातलं तर कोपरापर्यंत जाईल असं वाटतं. तेव्हापर्यंत तेवीस वर्षं मी हे काम छाती फुगवून केलं, आणि सगळं या एकट्या उजव्या डोळ्यावर. डावा लहानपणीच विटी लागून गेला. त्याला फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळतं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन करायला हवं. आणि नंतर दिसेल का, तर दिसेल किंवा नाही दिसणार. इतक्या प्रामाणिक माणसाचा मला त्या दिवशी फार राग आला.

पण माझी खरी पंचाईत निराळीच होती, ती आज मोकळेपणाने सांगतो. आमच्या चर्चच्या मंडळीत संडे स्कूलच्या मुलांना मीच शिकवायचो. शिकवायचो म्हणजे रंगवायचो. माझ्याकडे रंगीत पानांची एक चिमुकली वही होती, एकही अक्षर नसलेली. काळं पान म्हणजे पापी मन, तांबडं म्हणजे प्रभूचं रक्त, पांढरं म्हणजे धुतलेलं हृदय, सोनेरी म्हणजे स्वर्ग. काळं पान उघडताना मी आवाज असा खोल काढायचो की पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना बिलगायची. अंधार म्हणजे सैतानाचं राज्य, देव म्हणजे उजेड, हा माझा पाठ वडिलांपासूनचा. आता तोच अंधार माझ्या डोळ्यात उतरत होता. भेटायला आलेल्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, "प्रभू, हा अंधार दूर कर." मी आमेन म्हणालो, पण मनात आलं, आणि नाही केला तर? मग मी कुणाच्या राज्यात राहायला जाणार?

ऑपरेशन मंगळवारी झालं. तो आठवडा नेमका गुड फ्रायडेचा. डोळ्यात हवेचा फुगा सोडला होता, त्याने पडदा जागेवर दाबून धरावा म्हणून मला रात्रंदिवस मान खाली घालून राहायचं होतं. टेबलावर उशी, उशीवर कपाळ. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. उभ्या जन्मात मी देवासमोर इतकी मान झुकवली नव्हती. डाव्या डोळ्याला टेबलाच्या कडेवरून फरशीचा एक पांढरट ठिपका जाणवायचा, समोरच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा. त्या दिवसांत माझं सारं जग म्हणजे तो ठिपका. तो आहे म्हणजे अजून काहीतरी आहे.

आम्ही तेव्हा पिरंगुटजवळ भरे गावात हौसाआक्कांच्या खोलीत भाड्याने राहायचो. आक्का साठी ओलांडलेल्या, विधवा. दोन एकर कारखान्याला गेले, उरलेल्यात भात, आणि गोठ्याला लागून पत्र्याच्या चार खोल्या. त्यांची ती खोली आठवली की आजही मला ओल्या गवताचा आणि शेणाचा वास येतो, आणि पलीकडच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागतो. माझी बायको सुनंदा लवळ्याच्या एका हॉस्टेलच्या मेसवर कामाला होती. तिला रोज रजा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून दुपारी आक्का माझ्याजवळ येऊन बसायच्या. मुलांना शिकवतो म्हणून त्या मला मास्तर म्हणत.

बुधवारी त्या म्हणाल्या, नुसतं काय टेबलाकडं बघत बसलाय, तुमच्या देवाचं काहीतरी सांगा. मला तेवढंच हवं होतं. श्रोता मिळाला की मी मान खाली असतानासुद्धा नाटक उभं करतो. मी त्यांना रंगाच्या वहीचं सांगितलं. काळ्या पानाला नेहमीचा खोल आवाज लावला. आक्का बिलगल्या वगैरे नाहीत.

"काळं म्हंजी पाप?" त्या म्हणाल्या. "आन तुमी कारखान्यात काळी शाई बनिवता. म्हंजी सोमवार ते शनवार पाप करता आन रयवारी पोरान्ला सांगता, करू नगा."

मी म्हणालो, आक्का, ते प्रतीक आहे.

"आसंल. पर आमच्या देवळातला द्येव काळा कुळकुळीत हाय. माजी म्हस काळी, माजं रान काळं. आन मी काय गोरी हाय व्हय? तुमाला पट्टी हाय म्हनून दिसंना." आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मी सारवासारव करायला सृष्टीच्या सुरुवातीचं सांगू लागलो, की पहिल्यांदा काहीच नव्हतं, पाण्यावर नुसता अंधार होता आणि देवाचा आत्मा त्यावर फिरत होता, मग देवाने उजेड केला. आक्का म्हणाल्या, "म्हंजी उजेड व्हायच्या आदी द्येव अंधारातच व्हता की." मी पाणी मागितलं.

गुरुवारी मी कुरकुर केली ती गुड फ्रायडेची. आमच्या मंडळीची उपासना पिरंगुटच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये भरते. त्या शुक्रवारी बारा ते तीन आम्ही हॉलच्या सगळ्या खिडक्यांवर काळं कापड लावतो, कारण प्रभू वधस्तंभावर असताना भर दुपारी सगळ्या देशावर तीन तास अंधार पडला होता. त्या तीन तासांत कुणी कुणाशी बोलत नाही. हे सारं खातं माझं. काळ्या अस्तराचे तागे मी स्वतः पुण्याहून बसने आणलेले. एका वर्षी हौसेने मागे पत्राही वाजवला होता, गडगडाटासाठी, तेव्हा एक म्हातारी खुर्चीवरून घसरली आणि पाळकसाहेबांनी पत्रा बंद केला. आक्कांना हे सगळं सविस्तर सांगितलं आणि शेवटी मी म्हणालो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा अंधार हुकणार. त्या "हूं" म्हणाल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला उठल्या.

शुक्रवारी सुनंदा जायला तयार नव्हती. मीच म्हटलं, दोघांपैकी एकाने तरी जावं, आक्का आहेत. ती अकराच्या बसने गेली. गोळ्यांची गुंगी होती, उशीवर कपाळ टेकून मला झोप लागली.

जाग आली ती कारखान्याच्या बाराच्या भोंग्याने. गिरणी चालू होती. लांब रस्त्यावर ट्रकचा हॉर्न. डोक्यावरचा पत्रा उन्हाने तडतडत होता. सगळी दुपार जागच्या जागी होती, फक्त फरशीवरचा ठिपका नव्हता.

मी डावा डोळा मिटला, उघडला. पुन्हा मिटला, उघडला. दोन्हींत काही फरक नाही.

वाचकहो, मी बोलघेवडा माणूस आहे, रंगवून सांगणं हा माझा स्वभाव, पण इथे रंगवण्यासारखं काही नाही. मला वाटलं, संपलं. उजवा तर पट्टीखाली आहेच, आता डावाही गेला. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली. प्रार्थनेचे पाठ असलेले सगळे शब्द आठवून पाहिले आणि प्रत्येकात उजेड होता, एकही कामाचा नव्हता. पाळकसाहेबांची "अंधार दूर कर" ही प्रार्थना तर म्हणवेचना. किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी मनात आलं ते एवढंच, की बाबा, आता तू जिथे आहेस तिथे मला घे, अंधारात असशील तर अंधारात. हे मी शहाणपणाने म्हटलेलं नाही. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून म्हटलं. आणि टेबलाची कड धरलेले हात आपोआप सुटले.

तेव्हा माझ्या उजव्या हाताला, दोन हातांवर, कुणीतरी नाक ओढलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मीच हाय," आक्का कुजबुजल्या. "गप ऱ्हावा. तीन वाजस्तवर बोलायचं न्हाई, तुमीच सांगितलंय न्हवं."

त्यांनी बाहेरून माझ्या खिडकीवर काळं घोंगडं लावलं होतं. दार ओढून घेतलं होतं, फटीत पोतं कोंबलं होतं. ज्याच्या डोळ्यावर पट्टी आहे अशा माणसासाठी. माझा अंधार हुकू नये म्हणून. आणि मी झोपेत आहे की प्रार्थनेत, हे न कळल्याने, नियम मोडू नये म्हणून बाई भिंतीला टेकून मुकाट बसली होती. मी वेड्यासारखा भेदरत होतो तेव्हाही ती तिथेच होती.

मी बोललो नाही. हसू आलं, रडू आलं, दोन्ही उशीत जिरवलं, कारण डॉक्टरांनी दोन्हींना मनाई केली होती. मग तीन वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या अंधारात बसलो, एक मान खाली घातलेला ख्रिस्ती आणि एक भिंतीला टेकलेली आक्का. आणि चाळीस वर्षं वाचलेलं पवित्र शास्त्र मला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने दिसायला लागलं. मोशे संदेष्टा डोंगरावर गेला तेव्हा लोक लांब उभे राहिले आणि तो एकटा त्या दाट काळोखात शिरला, कारण देव तिथे होता. यहुदी लोकांच्या मंदिरात सगळ्यांत आतली खोली सगळ्यांत पवित्र, तिला खिडकी नाही, तिथे दिवाही नाही. शलमोन राजाने एवढं सोन्याने मढवलेलं मंदिर बांधलं आणि अर्पण करताना काय आठवलं, तर देव म्हणाला आहे की मी निबिड अंधारात राहीन. त्याच शास्त्रातल्या प्रेमगीतातली एक मुलगी, उन्हाने रापलेली, म्हणते, मी काळी आहे आणि सुंदर आहे. हे सगळं मी शेकडो वेळा वाचलं होतं, आणि दर वेळी पुढच्या उजेडाकडे जायची घाई केली होती. मिसर देशावर, म्हणजे इजिप्तवर, पडलेला अंधार शिक्षेचा, हेही खरंच. पण ज्याच्या हाताखालून निळसर, तांबूस, हिरवट असे सगळे काळे गेले, त्या मला शास्त्रातला काळा मात्र एकाच डब्यातला वाटत आला होता.

आणि वधस्तंभावरचा तो दुपारचा अंधार. मी त्याला कायम रागाचा अंधार म्हणून पत्रा वाजवला. त्या दिवशी वाटलं, कदाचित बापाने आपल्या मुलासाठी खिडकीवर काहीतरी ओढलं असेल, आणि आत येऊन न बोलता बसला असेल.

तीन वाजता आक्का कण्हत उठल्या आणि घोंगडं काढलं. फरशीवर ठिपका परत आला. "झालं," त्या म्हणाल्या, "आता बोला काय बोलायचं ते." मला काहीच बोलायचं नव्हतं. याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

डावाही डोळा गेला असं मला त्या अंधारात वाटलं होतं, हे मी त्यांना पुढे कित्येक महिन्यांनी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "आरं देवा, आन मग वरडायचं न्हाई?" मी म्हटलं, आवाजच फुटला नाही. त्या जरा वेळ गवताच्या काड्या निवडत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं. वरडला आसता तर मी घोंगडं काडलं आसतं. मग तुमचा द्येव आत यायचा कसा?"

त्या खोल्या आता नाहीत. आक्कांच्या मुलाने ती जागा विकली, तिथे पाच मजली इमारत उभी आहे आणि खाली फर्निचरचं दुकान. आक्का गेल्याला तीन वर्षं झाली. गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या दारी गेलो, तर सुनेने विचारलं, तुम्ही आक्कांचे कोण? मी भाडेकरू म्हणालो, आणि ते अगदीच अपुरं वाटलं.

माझा डोळा वाचला. पट्टी काढली, महिनाभर सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं होतं, मग डॉक्टरांची बोटं दिसली, मग अक्षरं, मग सुनंदाच्या कपाळावरच्या आठ्या, अगदी मोजता येतील इतक्या. मी पुन्हा टेबलावर बसलो आणि अजून बसतो. देवाचे आभार मानताना मी डॉक्टरांच्या हाताचेही मानतो, त्या प्रामाणिक माणसावरचा राग कधीच गेला. फक्त खालच्या कोपऱ्यात एक काळी कोर राहिली आहे, नखाएवढी. तिच्याकडे बघायला डोळा वळवला की ती पुढे सरकते, कधी हाती लागत नाही. वळवणं सोडून दिलं की गुपचूप आपल्या जागी येऊन बसते. डॉक्टर म्हणाले, ही जाणार नाही, सवय करून घ्या. पाळकसाहेब म्हणाले, तिच्यासाठी प्रार्थना करू या. मी त्यांना म्हटलं, राहू द्या साहेब. ती दूर कर असं मी अजून एकदाही मागितलेलं नाही.