सार्जंट एवेलिओचं पहिलं मत

कोलंबियातल्या एका डोंगराळ गावात सार्जंट एवेलिओने चोवीस वर्षं दर निवडणुकीला शाळेच्या फाटकावर पहारा दिला. मतपेटी राखायची, पण तिच्यात मत टाकायचं नाही. अंगावर गणवेश असेपर्यंत कायद्याने मनाईच होती. बायको ओतिलिया चिडवायची, "देश मी चालवते, तुम्ही फाटक सांभाळा."

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच निवडणुकीला तो गुळगुळीत दाढी करून, नवी लोकरी रुआना पांघरून आठच्या ठोक्याला हजर झाला. मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेला आणि तिथेच अडला. आजवर 'तुला कोण हवं' असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. कागदावरचे बारा चेहरे त्याच्याकडे बघून हसत होते. दहा मिनिटं झाली. रांग कुरकुरू लागली.

"अहो, लग्न ठरवतानाही एवढा विचार केला नव्हता तुम्ही!" ओतिलिया रांगेतून ओरडली.

"तेव्हा उमेदवार एकच होती, बाई!" आडोशामागून उत्तर आलं.

रांग खो खो हसली. एवेलिओलाही हसू फुटलं, आणि त्या भरात त्याने ठसठशीत फुली मारून कागद पेटीत टाकला.

"कुणाला दिलंत?" ओतिलियाने विचारलं.

"गुप्त मतदान असतं, बाईसाहेब," तो ऐटीत म्हणाला.

बाहेर फाटकावर हवालदार येसिद उभा होता.

"तुझी निवृत्तीला किती वर्षं राहिली रे?" एवेलिओने विचारलं.

"एकोणीस, सार्जंट."

एवेलिओची ऐट उतरली. समोरच्या टपरीवरून त्याने दोन कप कॉफी आणली, एक येसिदच्या हाती दिला आणि दुसरा त्याच्याशेजारी उभं राहूनच प्यायला.