तांबडीच्या पायाखालचं कापड

गिनीपिग पाळावेत असं माझ्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली आणि त्यांनी दोन माद्या पिंजऱ्यासकट आमच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवल्या. "आठ दिवसांचाच प्रश्न आहे हो ताई," म्हणाले होते. आठ दिवस कसले, वर्ष झालं. नवरा फौजेत. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "असू दे की, पोरीला करमंल." त्याचं काय जातंय! घाण काढायची मला.

मी ऑफिसला जायची, लेक शाळेला आणि घरात राहायचे आबा, म्हणजे माझे वडील. विट्याहून पुढं, औंधच्या पलीकडं आमचं गाव. पाऊस नावाला. आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. आई गेली, त्यांचे गुडघे धरले, मग मेंढरं विकली आणि मी त्यांना सांगलीला घेऊन आले. इथं त्यांना काही काम नव्हतं. सकाळी गॅलरीत बसायचे, दुपारीही गॅलरीतच. गिनीपिग आले त्या दिवशी मात्र उठून पिंजऱ्यापाशी आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही कसली गं मेंढरं? ना शेपूट ना शिंगं." दुसऱ्या दिवशी त्यांनी नावंही ठेवून टाकली, मेंढरांना ठेवतात तशी रंगावरून. एक तांबडी, दुसरी पांढऱ्या ठिगळांची म्हणून बांडी. लेकीनं इंग्रजी नावं काढली होती, ती तिच्या वहीतच राहिली.

त्यांच्या खाली काय घालायचं, हा खरा घोळ होता. आधी वखारीतून लाकडाचा भुसा आणला. पंखा लावला की भुसा घरभर. मोज्यात भुसा, डोशाच्या पिठात भुसा. तांबडी शिंकायला लागली आणि आबांना खोकला लागला. मग वर्तमानपत्रं घातली, तर दोन तासांत लगदा. जुनी वाकळ घातली. ती पाणी प्यायली खरी, पण वरनं ओलीच राहिली आणि बांडीचं नख दोऱ्यात अडकलं. टर्किश टॉवेलचंही तेच. आबांनी तर त्यांच्या घोंगड्याचा कोपरा कापून दिला. मी म्हटलं, "आवं आबा, घोंगडं कापलं व्हय?" तर म्हणाले, "फाटलंच हुतं." पण घोंगडं पावसाला दाद देत नाही, तसं यांच्या मुतालाही देईना. वर पाणी साचायचं आणि त्यात या दोघी महाराण्या बसायच्या.

मग लेकीनं फोनवर शोधून काढलं की फ्लीस घालायचं. लहान मुलांच्या हलक्या ब्लँकेटचं असतं ना मऊ, लव असलेलं कापड, तेच. त्याचे दोरे निघत नाहीत, नख अडकत नाही, आणि मुख्य म्हणजे ते स्वतः पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडतं. खाली पाणी शोषणारा थर घातला की वर कोरडं. ऐकायला सोपं होतं. आम्ही तिघं बाजारात गेलो. पहिल्याच दुकानात मी नमुन्याच्या तुकड्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. दुकानदार गादीवरून उठलाच. "अहो मॅडम, कापड घ्यायला आलाय का धुवायला?" पाण्याचे थेंब कापडावर मोत्यासारखे उभे. मी म्हटलं, हे तर घोंगडंच झालं की! तेव्हा लेकीनं सांगितलं की नवीन फ्लीस असंच असतं, कारखान्यातलं काहीतरी त्याच्यावर असतं. गरम पाण्यात चार-पाचदा धुतलं की मग पाणी सोडायला लागतं.

निवड केली आबांनीच. जाड, लांब लवेचं कापड मी हातात घेतलं तर म्हणाले, "त्येच्यात गवत गुततंय. आखूड लवंचं घे." मी गडद निळा रंग काढला, डाग दिसू नयेत म्हणून. आबा म्हणाले, "डाग दिसाया नगंत? आगं, जनावराला कुठं रगात आलं, कुठं मुतखडा झाला, ते कापडच सांगतंय. पांढरट घे." दुकानदारही मग मुकाट्यानं पिवळसर तागा काढायला लागला. तीन तुकडे घेतले.

खालच्या थराचा प्रयोग आठवडाभर चालला. सगळ्यात खाली तान्ह्या बाळाखाली घालतात ते रबरी कापड. त्यावर जुना टॉवेल दुहेरी, आणि मधे लेकीचे लहानपणचे सुती लंगोट, माळ्यावर बांधून ठेवले होते ते. आबांनी दाभण घेऊन ते सगळं वाकळीसारखं टाके घालून एकत्र केलं. वर चार वेळा धुतलेलं फ्लीस. मी पेलाभर पाणी ओतलं. क्षणभर थांबलं आणि गेलं खाली. आबांनी वर हाताची पालथी बाजू टेकवली. मी विचारलं, असं का? "तळहाताला काय कळतंय? काठी धरून धरून मेलाय त्यो." मग म्हणाले, "कोरडं हाय." इतके खूश झालेले मी त्यांना सांगलीत पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हापासून पिंजरा आबांचा. सकाळी लेंड्या झाडायच्या, तिसऱ्या दिवशी कापड बदलायचं, मैदानावरनं हरळी उपटून आणायची. मशीन लावायचं काम तेवढं माझं.

दिवाळीत मी आणि लेक पाच दिवस कुंडलला सासरी गेलो. आबा आले नाहीत. "जनावरं सोडून मी कुठं येत न्हाई." परत आलो तर पिंजऱ्यातलं कापड टेबलासारखं ताठ, एक सुरकुती नाही. या दोघींना कापडाखाली शिरायची सवय होती, कोपरे उचकटून सगळी गोळी करून ठेवायच्या. आबांनी त्यावर उपाय काढला होता. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ केली आणि कापडाला दिली. आमच्या दारात माझ्या आजोबांचा घोंगड्याचा माग होता. घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे सूत ताठ राहतं आणि विणताना तुटत नाही. नवं घोंगडं हातात धरलं तर पत्र्यासारखं लागतं ते त्यामुळंच. आबांनी फ्लीसचे वापरातले दोन्ही तुकडे गॅलरीच्या कठड्याला ताणून बांधले होते आणि कुंच्यानं खळ फिरवली होती. मी म्हटलं, "आबा, लय झकास केलंय बघा!" आबा मिशीतल्या मिशीत हसले.

महिन्याभरानं एका सकाळी लेक म्हणाली, "आई, तांबडी कोथिंबिरीला आली नाही." फ्रिजचं दार उघडलं तरी घर डोक्यावर घेणारी ती. मी तिला उचलून उलटी केली. मागचे दोन्ही तळवे लालभडक, सुजलेले, आणि एकाला जखम. बांडी दिवसभर लाकडी पाटावर बसायची, तिचे पाय बरे होते. तांबडी वजनदार, कायम कापडावर लोळलेली.

जनावरांच्या डॉक्टरांकडं आम्ही तिघंही गेलो, कापडाचा तुकडा घेऊन. डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, ओल्यावर बसून बसून झालंय. त्यांनी कापड टेबलावर पसरून त्यावर पाणी टाकलं. पाणी तसंच उभं राहिलं. "याला काही लावलंय का?" आबा माझ्या मागं उभे होते. ते पुढं आले. "मी खळ दिली हुती. चिंचोक्याची." डॉक्टर म्हणाले, "मग त्यानंच, आजोबा." त्यांनी मलमपट्टी केली, औषध दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "जखम हाडापर्यंत गेली तर पाय जाईल. जीवही जाईल. कोरडं ठेवा."

रिक्षात कसाबसा राग आवरला. घरात आल्यावर मात्र माझा तोल सुटला. माझा स्वभाव आधीच तापट, आणि राग आला की माझी भाषा पुरती गावाची होते. "कुणी सांगितलं हुतं तुमाला शाणपणा करायला? इतकं शोधून, पाणी वतून वतून कापड आणलं, आन तुमी त्येला खळ लावली! त्या मुक्या जीवाचं पाय सडवलं तुमी!" लेक रडायला लागली. महिन्यापूर्वी "झकास" म्हणणारी मीच होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं, पण मी ते ढकलून दिलं.

आबा म्हणाले, "चुकलं माझं." हे शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकले नव्हते. मग माझ्याकडं न बघता, "रोगानं जनावर गेलं, लांडग्यानं न्येलं. माझ्या हातनं कवाच गेलं न्हाई. ही वाचाया पायजे."

त्या दिवसापासून त्यांनी पिंजऱ्याला हात लावला नाही. गॅलरीत पाठ करून बसायचे. लेक पट्टी बदलायला लागली की तिथूनच विचारायचे, "कसं हाय?" ती म्हणायची, "तसंच आहे, आबा." मग जेवायचे नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "ती वाचली का मेली, येवढं कळलं की मी गावाकडं जातो." गावाकडच्या घराला कुलूप होतं. आत दोन भांडी आणि उंदीर.

मी दोन्ही तुकडे कढत पाण्यात घोळवून खळ काढली, मशीनला लावले, वाळवून घातले. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, वर अजून ओलंच राहतंय." मी पेलाभर पाणी ओतलं. थेंब उभे. मग कपाटातला तिसरा तुकडा काढला. तो दिवाळीच्या आधीच धुऊन ठेवलेला होता, त्याला खळ लागलेलीच नव्हती. त्यावरही थेंब उभे.

खळ पहिल्या धुण्यातच जाते. घोंगड्याची खळ धुतली की निघून जाते, हे मेंढपाळाच्या घरातल्या शेंबड्या पोराला कळतं. आणि ते दोन तुकडे महिन्याभरात दहा वेळा मशीनमधून निघाले होते. मग राहिलं काय? राहिलं ते वासाचं पाणी. दिवाळीच्या थोडं आधी खालच्या मजल्यावरच्या बाई आमच्याकडं आल्या होत्या. दारातच नाकाला पदर लावून म्हणाल्या, "तुमच्याकडं अगदी मेंढवाड्यासारखा वास येतो हो." आबा तेव्हा गॅलरीत होते. मी हसले, सरबत दिलं, आणि त्या गेल्यावर दुकानातून कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध आणलं. त्या दिवसापासून प्रत्येक धुण्यात दोन-दोन टोपणं. कपाटातला तिसरा तुकडाही त्यातच धुतलेला. त्याचा थर कापडावर बसतो आणि पाणी अडवतो. लेकीनं शोधलं तेव्हा फोनवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं की हे घालू नका. मी वाचलं होतं. विसरले होते.

ते औषध बेसिनमध्ये ओतून दिलं. नुसत्या साबणानं, गरम पाण्यात तिन्ही तुकडे तीनदा धुतले. पाणी खाली जायला लागलं.

आबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू, तांबडी जरा सुधारली की सांगू, असं करत पाच दिवस काढले. भीती वाटत होती, दुसरं काय! ती मेली असती तर मी कधीच सांगितलं नसतं, हेही खरं. लाज वाटते, पण खरं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि म्हणाले, जखम भरतेय, आता भीती नाही. घरी येऊन लेकीनं दारातूनच ओरडून सांगितलं. आबांनी हात जोडले, कुणाला कोण जाणे. मग मला म्हणाले, "उद्याची विट्याची गाडी किती वाजता हाय, बघ जरा."

तेव्हा मी त्यांच्यापुढं बसले. "आबा, खळीनं नाही झालं. खळ तर कधीच धुऊन गेली होती. मी मशीनमध्ये वासाचं पाणी घालत होते, त्यानं झालं. माझ्यामुळं झालं."

त्यांनी विचारलं, "म्हंजी माझ्या हातनं न्हाई?"

"नाही आबा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मला बी वाटलं हुतं, खळ ऱ्हात न्हाई. पर म्हनलं, इलायती कापड, ऱ्हात बी आसंल." मग विचारलं, "वासाचं पानी कशाला घालत हुतीस?"

खालच्या बाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं. मेंढवाडा हा शब्दही सांगितला.

"मग तू काय म्हनलीस तिला?"

"काही नाही."

आबा उठले. पिंजऱ्याचं दार उघडलं, तांबडीला मांडीवर घेतलं, उलटी करून दोन्ही तळवे बघितले. कापडावर पालथा हात टेकवला. तांबडी त्यांच्या बोटाला हुंगत होती. माझ्याकडं न बघता, अजिबात आवाज न चढवता ते म्हणाले, "तिला काय बोलली न्हाईस. मला बोललीस."

मी वाट बघत होते, ते पुढं अजून काहीतरी म्हणतील, शिवी देतील, निदान हसतील. ते तांबडीचा पाय पुसत बसले. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की राहतील. दुसऱ्या दिवशी सातच्या गाडीनं ते गेले.